गोळ्या संपल्यानंतर

क्षयरोग म्हटला की डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यावर आपण एकच गोष्ट सांगत फिरतो, गोळ्या अर्धवट सोडू नका. ते सांगायलाच हवं. पण आज मला बोलायचं आहे ते गोळ्या नेमाने, शेवटपर्यंत घेतलेल्या माणसाबद्दल.

पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. वजन ३५ ते ४९ किलोच्या दरम्यान असेल तर रोज तीन गोळ्या, त्याहून कमी असेल तर दोन. आपल्याकडे दोन गोळ्यांवरची मोठी माणसंही भेटतात, यावरून अंगात किती बळ उरलेलं असतं ते समजा. थुंकी तपासून होते, कार्डावर ‘बरा झाला’ अशी नोंद पडते. आणि नंतर तोच माणूस सांगत येतो, भूक लागत नाही, जेवलं की पोट फुगतं, गोळ्या गरम पडल्या.

त्याचं बोलणं उडवून लावू नका. चार औषधांपैकी रिफाम्पिसिन फक्त क्षयाच्या जंतूंवर थांबत नाही. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंनाही ते मारतं. हैतीतल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान होता, पण उपचार संपून वर्ष उलटलं तरी त्या रुग्णांच्या आतड्यातली जिवाणूंची घडी पूर्ववत बसलेली नव्हती. पोटाची प्रत्येक तक्रार यातूनच येते असं मी म्हणणार नाही. पण शरीराचं काम गोळ्यांबरोबर संपत नाही, एवढं नक्की.

मग लोक मेडिकलमध्ये जाऊन जिवाणूंच्या महागड्या कॅप्सूल आणतात. इस्रायलमध्ये २०१८ साली निरोगी माणसांना प्रतिजैविकं देऊन पाहिलं, तेव्हा अशा कॅप्सूल घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. त्यापेक्षा ते पैसे जेवणावर खर्च करा. नाचणीची भाकरी, आंबील, तूर-उडदाची डाळ, पावसाळ्यात टाकळा, शेवळं. आतड्यातले जिवाणू चोथ्यावर जगतात आणि झिजलेलं अंग डाळ-मासळीने भरतं.

मासळीवरून आठवलं. चार औषधांपैकीच आयसोनियाझिड चालू असताना शिळा बांगडा किंवा कुपा खाल्ला तर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. बर्फाविना पडून राहिलेल्या अशा मासळीत हिस्टामिन साठतं आणि ते पचवण्याची वाट हे औषध अडवतं. हा धोका गोळ्या संपल्यावरही थोडे दिवस राहतो. मासळी बंद करू नका, ताजी घ्या.

यकृताची गोष्ट वेगळी आहे. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधं भराभर मोडायला लावतं. म्हणून मधुमेहाच्या काही गोळ्यांचा डोस वाढवावा लागतो. रिफाम्पिसिन थांबलं की साधारण दोन आठवड्यांत यकृताचा वेग उतरतो, डोस मात्र तोच राहतो आणि साखर खाली जाऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्यांवरही रिफाम्पिसिन थांबल्यानंतर महिनाभर विसंबता येत नाही. कोर्स संपताना हे सांगणं डॉक्टरांचं काम आहे. कुणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. गोळ्यांमुळे येणाऱ्या पायांच्या मुंग्या काही महिने रेंगाळतात, कुपोषित आणि ताडी-दारू घेणाऱ्या माणसात जास्त. डोळे पिवळे दिसले तर मात्र थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि खोकला, ताप परत आला, वजन उतरू लागलं, तर ‘गोळ्यांची गरमी’ म्हणून घरी बसू नका, थुंकी तपासा.

क्षयरुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषण आहाराचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १००० रुपये झाले, पण उपचार संपला की तेही थांबतात. अंग भरायला लागतं नेमकं तेव्हाच. ही मदत पुढेही काही महिने चालू राहिली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी जिथे जाईन तिथे मांडणार आहे.

उपचारानंतर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. पण पावसाळ्यात सुरू झालेला कोर्स दिवाळीनंतर संपतो आणि तेव्हा आपला माणूस भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर नाहीतर गुजरातेत असतो. म्हणून इथल्या आशाताईंना माझी विनंती आहे. कुटुंब निघण्याआधी त्या चार तारखा आणि रुग्णाचा निक्षय नोंदणी क्रमांक कार्डावर ठळक लिहून द्या, आणि जिथे भट्टी आहे तिथल्या आरोग्य केंद्राला फोन करून त्याचं नाव सांगा.