थोडक्यात वाचलो, हे सांगायचं कुणाला?

मंडळी, १ ऑगस्ट २०२३ रोजी, पहाट व्हायच्या आत, आपल्याच शहापूर तालुक्यात सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारा लाँचर कोसळला. २० माणसं गेली. परराज्यांतून पोटासाठी आलेले मजूर त्यांत होते. मी आज कामगारांच्या सुरक्षित सवयींवर बोलणार आहे, म्हणून हे आधीच सांगतो. त्या रात्री डोक्यावर हेल्मेट होतं की नव्हतं, याने काहीही फरक पडला नसता. एवढ्या मोठ्या यंत्राची उभारणी, तपासणी, देखरेख ही काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी. ती मजुराच्या स्वभावावर ढकलता येत नाही.

ढकलली मात्र जाते, आणि ही खोड जुनी आहे. विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख या अमेरिकन गृहस्थाने १९३१ साली लिहिलं, की शंभरातले ८८ अपघात माणसाच्या चुकीच्या कृतीने होतात. आकडा जगभर फिरला. ज्या नोंदींवरून तो काढला, त्या बहुतांशी कारखानदारांकडच्याच होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही.

मग कृतीकडे पाहायचंच नाही का? पाहायचं, पण नीट पाहायचं. मुरबाडच्या एमआयडीसीत काय किंवा आसनगावात काय, पॉवर प्रेस सगळीकडे सारखाच. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच तो खाली यावा, अशी सोय असते. म्हणजे हात डायमध्ये राहूच नये. प्रेसवरचा मुलगा एका बटणात लाकडी पाचर ठोकतो आणि मोकळ्या हाताने नग उचलतो. त्याला मेमो देणं सोपं आहे. शेजारी उभं राहून विचारलं तर कळतं, नग उचलायच्या चिमट्याची पकड सुटते आणि संध्याकाळी हिशेब नगांवर होतो. पाचरीने नग आजच वाढतात. बोट गेलंच तर कधीतरी जाईल. हातातला फायदा लांबच्या धोक्याला हरवतो, हे वर्तनाधारित सुरक्षेचं मूळ. तेव्हा आधी चिमटा बदला, टार्गेट कमी करा, आणि मग पाचर काढायला सांगा.

असं शेजारी उभं राहून निरीक्षण सोबतच्या कामगाराने करावं, नोंदीच्या कार्डावर कुणाचं नाव लिहू नये, आणि सुपरवायझरच्या वागण्याचीही तशीच नोंद व्हावी. गेटवर अपघाताविना गेलेले दिवस मोजणारा फलक असतो. त्याला बक्षीस जोडलं, की कापलेल्या बोटाला चिंधी बांधून माणूस मशीनवर परत बसतो आणि फलकावरचा आकडा वाढत राहतो. त्यापेक्षा ‘आज थोडक्यात वाचलो’ असं येऊन सांगणाऱ्याचं कौतुक करा.

भात झोडून झालं, की पाड्यांवरची पोरं ठेक्यावर कामाला लागतात. धोका त्यांनाही दिसतो. पण बोललं तर उद्या गेटवरूनच परत पाठवतील, ही धास्ती असते. इथे बसलेल्या कारखानदारांकडे माझं एकच मागणं आहे. धोका पाहून ठेक्यावरच्या माणसाने मशीन थांबवलं, तर त्याची त्या दिवसाची हजेरी कापणार नाही आणि त्याला कामावरून काढणार नाही, हे ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच लिहा.