खंडवा–हिंगोली : एका लोहमार्गाचे अनेक धनी

(ट्रस्टच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



मास्तराने चार शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा मी रेल्वेवर बोलेन म्हणालो. कारण वर्गात घडले. तुकईथडच्या बाजूच्या एका मुलाने विचारले, "सर, इथून गाडी जायची म्हणतात, ती कोणाची होती?" मी 'सरकारची' म्हणून मोकळा झालो, पण उत्तर इतके सोपे नाही.

आधी उत्तरेकडचे पाहू. जी. आय. पी. कंपनीची मुंबई–जबलपूर लाईन खंडव्यावरून गेली. तेथून आपल्या राजधानीपर्यंत गाडी यावी म्हणून इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे! मुदत भरेपर्यंत कर्ज देणारे संस्थान उरले नाही, घेणारे सरकारही नाही. १८७४ साली खंडव्याहून सनावदपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे ही होळकर स्टेट रेल्वे राजपुताना–माळवा रेल्वेत मिळाली, १८८५ साली तिचा कारभार बी. बी. अँड सी. आय. कंपनीकडे गेला, १९४२ साली सरकारकडे आणि १९५१ साली पश्चिम रेल्वेकडे.

दक्षिणेत निजामाचे राज्य. हैदराबाद–मनमाड मार्ग १९००च्या सुमारास झाला, आणि १९१२ साली पूर्णेहून एक फाटा हिंगोलीपर्यंत येऊन थांबला. निजाम सरकारने ती रेल्वे १९३० साली कंपनीकडून विकत घेतली. तीच पुढे १९५१ साली मध्य रेल्वेत, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत गेली.

दोन्हीकडचे रूळ मीटर गेजचे, पण मध्ये खंड. त्या खंडात अकोट, मेळघाट आणि आपण. होळकरांना इंदूर हवे होते, निजामाला हैदराबाद. वऱ्हाडचा कापूस भुसावळमार्गे मुंबईस जातच होता. कोरकूंच्या पाड्यांसाठी डोंगर फोडायला कोणता धनी येणार? हा दुवा स्वातंत्र्यानंतरच हाती घेतला गेला आणि १९६०च्या सुमारास पुरा झाला. या सबंध मार्गात राजाने वा नबाबाने न बांधलेला तेवढाच तुकडा, आणि तोच आपला!

मी लहानपणी अम्मीबरोबर याच गाडीने अकोल्याला जात असे. धूळघाटला रुळांचा वेढा होता; गाडी वळसा घेऊन आपल्याच रुळांवरून पलीकडे जाई. अम्मी दर वेळी दाखवी आणि मी दर वेळी नव्याने चकित होई. जयपूरची मीनाक्षी एक्सप्रेसही याच वाटेने धावे. आजारी माणसाला अकोल्यास न्यायचे, तर लोक गाडीची वेळ विचारत. आता जीपवाल्याचा भाव विचारतात.

पूर्णा–अकोला मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. आपली लाईन त्याच कामासाठी जानेवारी २०१७पासून बंद झाली. अकोला–अकोट गाडी नोव्हेंबर २०२२मध्ये पुन्हा सुरू झाली. अकोटच्या पुढे मात्र वाघ आडवा आला. जुना मार्ग सुमारे ३९ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. तो हिवरखेड, सोनाळा, जामोद असा बाहेरून न्यावा, अशी मागणी झाली. महाराष्ट्र शासनानेही २०२१मध्ये तीच भूमिका घेतली. वाघाच्या बाजूने बोलणाऱ्यांशी माझे भांडण नाही. रात्रीच्या भरधाव गाड्या जंगलाला मानवणार नाहीत, हे खरेच. वळसा पडला तर पडो. दोन्ही वाटा शेवटी तुकईथडलाच येतात, मग आपण वाघाशी का भांडावे? आपले मागणे एवढेच, की कोणती तरी एक वाट लवकर पुरी करावी.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला फळ्यावर नकाशा काढून दाखवला. वरून खंडव्यापर्यंत एक रेघ, खालून अकोटपर्यंत दुसरी. मधली जागा कोरी ठेवली. त्याने तिथेच बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, आपण इथं."