फरशी आणि लाकडाच्या मधली फट

मी बडोद्यात घरांच्या आतल्या कामांचे ठेके घेतो. आजचा विषय छोटा आहे. हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर, मध्ये भिंत नाही. ओट्याकडे टाइल्स, हॉलकडे लाकडी फ्लोअरिंग. दोन्ही जिथे भेटतात तो सांधा कसा करायचा?

आधी माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळातलं काम, मे महिना. मालक म्हणाले, "मध्ये पट्टी नको, पट्टी दिसली की ठिगळ लावल्यासारखं वाटतं." मीही जोशात होतो. लॅमिनेटच्या फळ्या टाइलला भिडवल्या, उरलेली चीर ग्राउटने भरली. काय सुंदर दिसत होतं! फोटो काढले, बिल घेतलं. जुलैत फोन आला, "दादा, जमीन वर आली आहे." जाऊन पाहतो तर सांध्यापासून हातभर अंतरावर फळ्यांची कमान झालेली, ग्राउटचा भुगा पडलेला. घरातल्या आजींचा पाय तिथेच अडखळला होता. सून शेजारी होती म्हणून पडल्या नाहीत. आजी मला एक शब्दही बोलल्या नाहीत, उलट चहा घ्यायला लावला. तो चहा घशाखाली उतरत नव्हता. दुरुस्ती अर्थातच माझ्या खिशातून केली.

चुकलं काय? लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडाचा लगदा असतो. तो हवेतलं बाष्प घेतो आणि पसरतो. आमच्याकडची मेची कोरडी हवा आणि जुलैची ओली हवा, केवढा फरक! टाइल मात्र जागची हलत नाही. लॅमिनेट जमिनीला चिकटवलेलं नसतं, फोमवर नुसतं ठेवलेलं असतं. म्हणून त्याला चारही बाजूंनी साधारण ८ ते १० मिलिमीटर मोकळी जागा लागते. भिंतीकडे ती स्कर्टिंगखाली लपते. टाइलकडे स्कर्टिंग नाही, म्हणून तिथे पट्टी. पट्टी म्हणजे ठिगळ नव्हे, तिच्याखाली लाकडाला हलायला जागा आहे.

ही टी आकाराची प्रोफाइल पट्टी फटीच्या मधोमध, खालच्या कोब्याला पक्की करायची. फळीला खिळा किंवा गोंद लावायचा नाही, नाहीतर फट ठेवून उपयोग काय? फटीत सिमेंटचा खडा राहिला तरी फळी तिथे अडते, म्हणून पट्टी बसवण्याआधी ब्रश फिरवा. मी स्वतः फिरवतो, कुणावर सोडत नाही.

आता पातळी. खरा घोळ इथे होतो, कारण गवंडी टाइल्स लावून जातो आणि सुतार महिन्याभराने येतो. दोघांची गाठच पडत नाही. हिशेब सोपा आहे. ८ मिलिमीटरचं लॅमिनेट आणि २ मिलिमीटरचा फोम, म्हणजे लाकडाकडचा कोबा टाइलच्या वरच्या पातळीपासून १० मिलिमीटर खाली हवा. हे तोंडी सांगून उपयोग नाही. मी आता फळीचा आणि फोमचा तुकडा गवंड्याच्या हातातच देतो. तो तुकडा कोब्यावर ठेवतो, वरून टाइलपर्यंत सरळ पट्टी फिरवतो, विषय संपला. एवढं करूनही दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिलाच, तर उताराची पट्टी मिळते, ती लावा. कोबा नवा असेल तर फळ्या टाकण्याआधी प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवा. आतून ओल दिसली तर थांबा. गृहप्रवेशाचा मुहूर्त निघालेला असतो, मला माहीत आहे. तरीही थांबा.

सांध्याची रेघ कुठे घ्यायची? वर तुळई असेल तर तिच्या खाली, नाहीतर खांबाच्या कडेशी. जेवणाच्या टेबलाखाली नको, दर जेवणाला खुर्चीचे पाय पट्टीवर घासतात. आणि रेघेपाशी अख्खी टाइल येऊ द्या, कापलेले तुकडे ओट्याखाली जाऊ द्या. ते तिथे कुणी वाकून बघत नाही.

हल्ली षटकोनी टाइल्सची फॅशन आहे, मधमाशीच्या पोळ्यासारखी कड लाकडात शिरलेली. फोटोत छानच दिसते, पण फोटोत पावसाळा नसतो. तिथे सरळ पट्टी बसत नाही. हवंच असेल तर तरंगतं लॅमिनेट घेऊ नका. जमिनीला पूर्ण चिकटवलेलं इंजिनिअर्ड वूड घ्या, कागदावर टाइल्सच्या कडेचा नमुना काढून फळ्या कापा आणि चीर ग्राउटने नाही, तर लाकडाच्या रंगाच्या लवचीक सीलंटने भरा. मजुरी बरीच वाढेल, हे आधीच ऐकून ठेवा.

पोछा मात्र पिळून मारा, आणि सांध्यापाशी टाइलकडून लाकडाकडे नको, उलटा ओढा. आजींच्या घरी मी हे सांगितलं तेव्हा सून हसली. म्हणाली, "ते आम्ही करू, तुम्ही या वेळी पट्टी लावा." लावली, पितळी रंगाची. त्यानंतर बरेच पावसाळे गेले, तिथून फोन येतो तो दिवाळीच्या फराळाला बोलवायला.