नंतर करते

(दहावी, १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दहा मिनिटं दिली आहेत. दुसऱ्यांचं लांबलेलं कमी करण्यावर माझं पोट चालतं, त्यामुळे आज मीच वेळ पाळली नाही तर तुम्ही मला साताऱ्याच्या वेशीबाहेर जाऊ देणार नाही.

सकाळपासून निदान सात जणांनी विचारलं, "काय गं, कुठल्या कुठल्या हिरोला भेटलीस?" खरं सांगते, मी त्यांना रोज आठ-दहा तास भेटते. त्यांच्या डाव्या गालावरचा तीळ मला पाठ असतो. कुठल्या शब्दाला ते अडखळतात, कुठे त्यांना शिंक येते, सगळं ठाऊक असतं. पण चित्रपटाच्या पहिल्या खेळाला तेच हिरो माझ्या शेजारून जातात आणि मला ओळखत नाहीत. संकलकाचं हे असंच असतं. काम चांगलं झालं तर ते दिसत नाही. दिसलं तर कुठेतरी चुकलंय.

माझी सुरुवात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये झाली, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात. तिथे आम्ही खरोखरची फिल्म हातात घेऊन शिकलो. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी. स्टीनबेक नावाच्या जर्मन टेबलावर चकत्या फिरवायच्या, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, कापायचं आणि चिकटपट्टीने जोडायचं. कापलेले तुकडे शेजारच्या कापडी पिशवीवर, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे टांगून ठेवायचे. त्याला ट्रिम बिन म्हणतात. आमचे सर बजावायचे, चार चौकटींचा तुकडासुद्धा फेकू नका, उद्या तोच लागेल. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

बायका या कामात कशा, असंही विचारलं जातं. दादासाहेब फाळके १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' करत होते तेव्हा कच्च्या फिल्मला छिद्रं पाडायचं काम सरस्वतीबाई रात्री जागून करत. आणि आमच्याच इन्स्टिट्यूटमधून रेणू सलुजा बाहेर पडल्या होत्या. 'जाने भी दो यारो' त्यांनी संकलित केला, 'परिंदा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यामुळे वाट आधीच पडलेली होती, मी फक्त चालले.

पण खरं सांगायचं तर माझं पहिलं संकलन याच शाळेत झालं. आठवीत मराठीच्या बाई सारांशलेखन घ्यायच्या. उतारा एक तृतीयांश करायचा. मी शहाणपणाने सगळी विशेषणं, सगळी उदाहरणं उडवली आणि बरोब्बर शब्द मोजून वही दिली. बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं, "शब्द बरोबर. उताऱ्याचा जीव गेला." बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, तीस वर्षं दिग्दर्शकांशी भांडताना मी हेच वाक्य वापरतेय. तुमचं नाव मात्र कधी घेतलं नाही, त्याबद्दल क्षमा करा.

आता माझा दिवस. पहाटे साडेपाचला उठते, आरे कॉलनीत तासभर चालते. दहाला एडिटला बसते. खोलीला खिडकी नाही, दिवे मंद, एसी थंडगार. बाहेर पाऊस पडून गेला तरी कळत नाही. पूर्वी फिल्म महाग होती म्हणून जपून चित्रीकरण व्हायचं. आता कॅमेरा बंदच करत नाहीत. मागच्या चित्रपटाला माझ्याकडे शंभर तासांच्या वर साहित्य आलं. ते सगळं बघावं लागतं. मान आणि डोळे यांची काय अवस्था होते ते माझ्या डॉक्टरांना विचारा. शिवाय एखादी मालिका हातात असली की चॅनेलचा फोन ठरलेला, "मॅडम, एपिसोड कधी पाठवताय?"

या धंद्यातली एक गोष्ट मात्र तुम्हालाही उपयोगी पडेल. दोन माणसं बोलत असली तर नवखा संकलक बोलणाऱ्याचं तोंड दाखवतो. मुरलेला संकलक ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतो. आईने काय सांगितलं हे कानांना कळतंच. ते ऐकून मुलाच्या डोळ्यांत काय झालं, ते प्रसंगाला उचलून धरतं.

मला छंद दोन. पहिला, रविवारी दुपारी आवाज बंद करून सिनेमे बघणं. आवाज नसला की जोड कुठे आहे ते दिसतं. घरचे वैतागून शेजारी जाऊन बसतात. दुसरा छंद आवाज गोळा करण्याचा. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल, पण मुठीएवढा रेकॉर्डर असतोच. पत्र्यावरचा वळीव, एसटीच्या कंडक्टरची दोरी ओढून दिलेली डबल घंटा, कल्हईवाल्याचा भाता, पोवई नाक्यावरची पहाट. काही आवाज मी चित्रपटांत वापरलेत, बरेचसे नुसतेच जपलेत. वस्तूंची संग्रहालयं होतात, आवाज मात्र एका दिवसात नाहीसा होतो.

आता मघाशी तुम्ही पाहिलेल्या १२ मिनिटांच्या फिल्मबद्दल. आपल्या दहावीच्या स्नेहसंमेलनाच्या दोन व्हीएचएस कॅसेट एका मैत्रिणीच्या माळ्यावर सापडल्या. बुरशी लागलेली. ती साफ करून, डिजिटल करून दोन तास चाळीस मिनिटं मिळाली. पहिल्या फेरीत मी सवयीप्रमाणे कात्री चालवली. नाटक ठेवलं, लेझीम ठेवलं, भाषणं उडवली. कॅमेरामन चुकून विंगेकडे वळला होता ते हलणारे, अंधारे तुकडे तर न बघताच काढले.

रात्री झोप येईना. उठून काढलेलं पुन्हा बघायला बसले. विंगेतल्या एका तुकड्यात तो दिसला. शेवटच्या बाकावरचा, आपल्या वर्गातला सगळ्यात गप्प मुलगा. दोन्ही हातांत पडद्याची दोरी, आणि नजर रंगमंचावर. स्टेजवर आपण सगळे ओरडून संवाद म्हणतोय आणि तो ऐकतोय. ओठ हलतायत. त्याला अख्खं नाटक पाठ होतं! चार सेकंद. व्हिडिओच्या हिशोबाने शंभर चौकटी. आयुष्यभर ऐकणारा चेहरा शोधणारी मी, आणि तोच चेहरा कचऱ्यात टाकून मोकळी झाले होते.

तुम्हाला माहीत आहे, २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात तो गेला. जे माहीत नाही ते आज सांगायचंय.

त्याची पिठाची गिरणी होती. वडिलांच्या वेळचं जुनं ऑइल इंजिन, लांब चामडी पट्टा, धुराड्याचा तो ठेका. शाळेतून घरी जाताना तो ठेका ऐकू आला की आपल्याला भूक लागायची. आपल्या ग्रुपवर मी एकदा माझ्या छंदाबद्दल लिहिलं होतं. ग्रुपवर कधी काही न लिहिणाऱ्या या माणसाने मला फोन केला. म्हणाला, "इंजिन काढतोय, विजेची नवीन चक्की बसवतोय. म्हटलं, तुला आवाज हवा असेल तर ये. पंधरा दिवस थांबवतो हवं तर." हे २०१९ मधलं. माझ्यासमोर पडद्यावर एक गाणं अडकलेलं होतं, दोन दिवसांत द्यायचं होतं. मी म्हटलं, "अरे, कामात आहे, नंतर फोन करते."

महिन्याभराने त्याचा पुन्हा फोन आला. मी उचलला नाही. नंतर करू म्हटलं.

त्याच्या घरच्यांकडून आज कळलं, त्याने पंधरा दिवस नाही, दोन महिने इंजिन ठेवलं होतं. शेवटी भंगारवाल्याला दिलं.

ते गाणं कुठलं होतं, मला आठवतही नाही. चित्रपटातून पुढे ते काढूनच टाकलं. माझ्याकडे चारशेच्या वर आवाज आहेत, त्यात ती गिरणी नाही. फिल्मचा कापलेला तुकडा ट्रिम बिनमध्ये टांगलेला असतो, परत जोडता येतो. न उचललेला फोन कुठेच टांगलेला नसतो.

कामात असणं ही फार सोयीची गोष्ट आहे, मित्रांनो. कोणी जाब विचारत नाही. उलट कौतुक होतं. आपण पन्नाशी ओलांडलेले सगळेच कुणी डॉक्टर, कुणी शेतकरी, कुणी बँकेतून निवृत्तीला आलेले, आणि आपापल्या जागी आपण हेच वाक्य म्हणत आलोय. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मला पडद्यावर कळतं. घरी, फोनवर, माणसांत मी अजून आठवीतलीच आहे. शब्द बरोबर, जीव गेला.

ती चार सेकंदं फिल्ममध्ये परत जोडली आहेत. ती बघताना सभागृहात जी शांतता झाली, ती तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल.

आता शेवटचं. बाई, माझा रेकॉर्डर पर्समध्ये आहे. तुम्ही आमच्या वर्गशिक्षिका होतात. मला तुमच्या आवाजात आमच्या तुकडीची हजेरी हवी आहे. उद्या नाही, पुढच्या मेळाव्याला नाही. आत्ता, जेवणाआधी. जुन्या पटाची यादी मी छापून आणली आहे, मोठ्या अक्षरांत. त्याचाही नंबर वाचा. उत्तर येणार नाही, पण ती जागा मी कापणार नाही.