वहिवाट सिद्ध करा
(मये येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय एका न्यायाधीशाचा आहे. रॉबर्ट ब्रूमफील्ड. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची साधी कैद सुनावली ती यांनीच, आणि सुनावताना आरोपीचा थोरपणा भर न्यायालयात मान्य केला. बारडोलीच्या सत्याग्रहानंतर शेतसाऱ्याची चौकशी त्यांनी व मॅक्सवेल यांनी केली. २२ टक्क्यांची वाढ त्यांच्या अहवालाने सुमारे ६ टक्क्यांवर आणली. पण माझ्या मते त्यांचा सर्वांत मोलाचा निकाल महाडच्या चवदार तळ्याचा.

हकिगत तुम्हाला ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा, मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तळं खुलं केलं, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा गाव खवळला. डिसेंबरात सवर्णांनी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. वादींचं म्हणणं असं की तळं चौधरी मंडळींच्या खाजगी मालकीचं आहे आणि अस्पृश्यांनी तिथं जायचं नाही, ही अनादि वहिवाट आहे. महाडच्या न्यायाधीशांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. नाताळात तळ्यावरच्या सत्याग्रहासाठी हजारो माणसं जमली होती. तरी आंबेडकरांनी हुकूम मानला आणि लढा न्यायालयात चालवला.

मनाई फेब्रुवारी १९२८ मध्ये उठली, पण दावा दहा वर्षं चालला. महाडच्या न्यायालयाने वहिवाट मान्य केली, मात्र तिच्यातून इतरांना अडवण्याचा हक्क निघत नाही, असं सांगितलं. ठाण्याच्या अपिलात, ती अनादि असल्याचं शाबीत होत नाही, असं ठरलं. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी वादींचं अपील फेटाळलं.

त्यांचा विचार बारकाईने पाहा. चार-पाच एकरांचं उघडं तळं, चारी बाजूंना नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे सवर्णांची घरं. अशा ठिकाणी अस्पृश्य कधी गेले नाहीत, एवढ्यावरून त्यांना कायद्याने मज्जाव होता असं कसं म्हणायचं? देवळाच्या गाभाऱ्याबद्दलचे जुने निवाडे तळ्याला लावता येईनात. भीतीने गप्प बसलेल्या माणसाचं मौन ही त्याची संमती नव्हे, असा अर्थ मी या निकालातून घेतो.

मयेवासीयांना वहिवाटीचं मोल मी काय सांगावं? स्थलांतरित मालमत्तेच्या, म्हणजे देश सोडून गेलेल्या मालकांच्या जमिनींच्या, प्रश्नात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आणि राहतं घर हाच तुमचा आधार होता. तिथं वहिवाट दुबळ्याच्या बाजूने उभी राहिली. महाडात ती बलवानाने पुढे केली. म्हणून वहिवाट म्हटली की मान डोलवायची नाही. ती कोणाच्या श्रमातून आली आणि कोणाच्या भीतीतून, हे विचारायचं.

या निकालाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वहिवाट शाबीत झाली असती, तर ती न्याय्य आहे का, हा प्रश्न कदाचित विचारात घ्यावा लागला असता, असं म्हणून न्यायालय थांबलं. म्हणजे पुरावा भक्कम असता, तर पाणी बंद राहिलं असतं की नाही, याचं उत्तर १९३७ साली मिळालं नाही. ते मिळालं २६ जानेवारी १९५० रोजी, अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमात. आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्याच दाव्यातले प्रतिवादी, डॉ. आंबेडकर.

चांगल्या न्यायाधीशाने फार तर दार अडवणाऱ्याकडे पुरावा मागावा; दारापर्यंत चालत माणसांनाच जावं लागतं. उद्या आपल्याकडे देवस्थानच्या मानाचा, विहिरीचा, स्मशानाचा वाद निघेल आणि कोणी म्हणेल, 'हे पूर्वापार चालत आलंय.' तेव्हा दोन प्रश्न विचारा. पहिला, पुरावा काय? आणि पुरावा मिळाला तरी दुसरा सोडू नका: हे माणुसकीला धरून आहे का?