वजन घटवावे की कस वाढवावा?

(ज्ञातिसभेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. १९७५ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढे आयुष्यभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला एक शिक्षक आहे. तथापि चुकलेले गणित फळ्यावर पुन्हा मांडून दाखविण्याची शिक्षकाला सवय असते. माझ्या हातून अशी दोन गणिते चुकली. एक माझ्या स्वतःच्या देहाचे, दुसरे आमच्या घरातील एका मुलीचे. ती दोन्ही आज आपणापुढे मांडतो.

२०१६ साली मी निवृत्त झालो. आरामखुर्ची, वर्तमानपत्र आणि दुपारची झोप यांनी तीन वर्षांत माझे वजन ६८ किलोवरून ७९ किलोवर नेले. पुढे पुतण्याचे लग्न ठरले आणि ठेवणीतला कोट अंगाला होईना. मग मी निश्चय केला. रात्रीचे जेवण सोडले. सकाळी लिंबूपाणी आणि दुपारी एक भाकरी व पालेभाजी, एवढाच आहार ठेवला. डाळ जड म्हणून वर्ज्य केली, दूधही बंद केले. चार महिन्यांत काटा ६९ वर आला. लग्नमंडपात जो तो म्हणे, “गुरुजी, कमाल केलीत!” मीही मनातून सुखावलो.

लग्नानंतर, २०१९ च्या अखेरीस, नवदांपत्यास घेऊन आम्ही जेजुरीस खंडेरायाच्या दर्शनाला गेलो. वराने वधूला उचलून पाच पायऱ्या चढण्याची तेथील रीत आपणांस ठाऊक आहेच. वराने ती हौसेने पार पाडली. परंतु वराचे काका मात्र निम्म्या वाटेवर दीपमाळेला टेकून बसले. माझी थोरली बहीण सत्तरीची, वजनाने माझ्याहून चार किलो अधिक. तिचा सारा जन्म शेतात आणि विहिरीवर गेलेला. ती न थांबता वर गेली, भंडारा उधळून खाली आली आणि मला म्हणाली, “अरे, वजन गेलं ते गेलं, पण अंगातलं बळ कुठं ठेवून आलास?” त्याच दुपारी पंगतीत पाटावरून उठताना मला दोन्ही हात टेकावे लागले, आणि तरीही पुतण्याने धरले तेव्हाच मी उभा राहिलो.

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजनकाटा बाजूस सारून शिंप्याकडे असते तशी फीत काढली. पोटाचा घेर ९७ सेंटिमीटर भरला. मग हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठावयास सांगितले. मला २१ सेकंद लागले. पंधराहून अधिक लागले तर पायांतील बळ उणे समजावे, असे त्यांनी सांगितले. “गुरुजी, चरबी थोडी गेली, पण तिच्याबरोबर स्नायूही गेले,” हा त्यांचा निर्णय.

हे कसे घडते? वजन ही एक बेरीज आहे. हाडे, स्नायू, पाणी, मेद या साऱ्यांची मिळून. बेरीज १० आली एवढ्यावरून ती ९ आणि १ यांची की ५ आणि ५ यांची, हे कळत नाही. पोटाला नुसती उपासमार घडली आणि अंगाला मेहनत नसली, तर उतरलेल्या वजनात साधारणतः चौथा हिस्सा मेदाव्यतिरिक्त देहभागांचा, त्यांत स्नायूंचाही, असतो. वार्धक्यात एकदा गेलेले स्नायू परत मिळविणे कष्टाचे होते, आणि पुन्हा जेवू लागताच मेद मात्र त्वरेने परततो.

ताकावर लोणी तरंगते हे आपल्या माताभगिनी पिढ्यानपिढ्या पाहत आल्या आहेत. मेद हलका, स्नायू जड. राजाच्या मुकुटातील सोन्याचा कस आर्किमिडीजने पाण्याच्या साह्याने ओळखल्याची कथा आपण शाळेत शिकलो. त्याच तत्त्वाने १९४२ साली अमेरिकन नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंना पाण्याखाली तोलून पाहिले. उंचीच्या मानाने त्यांच्यातील बहुतेकांचे वजन अधिक ठरत होते. परंतु ते आधिक्य मेदाचे नसून स्नायूंचे होते.

आपल्याकडे गोष्ट नेमकी उलट आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. दिसावयासही दोघे सडपातळ. परंतु मेदाचे प्रमाण युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के! याच संशोधनाच्या ओघात पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली गेली. आपले बालक सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. आपल्या बालकाचे स्नायू बरेच कमी होते. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. म्हणजे वरून कृश आणि आतून मेदयुक्त, असा आपला पिंड जन्मापासूनच असतो. ‘मी तर बारीक आहे, मला मधुमेह कसा होईल?’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेणारे मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान असेल तर साखर रक्तातच रेंगाळते.

म्हणून काट्याबरोबर फीतही वापरावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्यावे. आपल्या लोकांसाठी पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा तज्ज्ञांनी सांगितली आहे. ज्यांचा मेद अधिक आहे त्यांनी वजन उतरवू नये, असे मी म्हणत नाही. उतरवावे, पण मेद जावा आणि स्नायू राहावेत, अशा रीतीने उतरवावे.

त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. पहिली मेहनत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, आठवड्यात निदान १५० मिनिटे झपझप चालण्यासारखा व्यायाम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. आपल्याला हे नवे नाही. जोर, बैठका ही आपलीच मिरास आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तर संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार घालून घेतले. ‘आता या वयात काय?’ असे कोणी म्हणू नये. १९९० साली बोस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे वजने उचलून घेतली, तेव्हा त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रथिने. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने ६५ किलोच्या पुरुषास रोज ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीस ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. मूठभर डाळीत ६ ते ७ ग्रॅम, एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६ ते ७. आपल्या ताटातील पाणीदार वरणाने हा हिशेब पुरा होत नाही. उसळ, घट्ट वरण, दही, शेंगदाणे आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडी, मासे हे वाढवावे. हृदयविकार, रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांस विचारावे.

मी टाळेबंदीच्या काळात घरीच आरंभ केला. प्रथम खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. पुढे अर्ध्या बैठका. चौदा महिन्यांनी वजन ७१, म्हणजे दोन किलो वाढलेलेच. परंतु घेर ९७ वरून ९१ आणि खुर्चीची परीक्षा १२ सेकंदांत! २०२२ साली एकदाच थांबून जेजुरीचा गड चढलो.

आता दुसरी चूक. २०२३ साली आमच्या घरातील चोवीस वर्षांच्या मुलीसाठी स्थळे पाहत होतो. मुलगी महाविद्यालयात कबड्डी खेळलेली, बांध्याची मजबूत, वजन ६२ किलो. दोन ठिकाणांहून निरोप आला की मुलगी अंगाने जरा थोराड आहे. स्वतःच्या देहाविषयी शिकलेला धडा मी तत्क्षणी विसरलो आणि तिला म्हणालो, “बाळ, आठ किलो उतरव.” तिने माझा शब्द मानला. खेळ सोडला, ताटातील डाळ सोडली. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. मी तिच्या परिचयपत्रात स्वहस्ते ‘सडपातळ’ असे लिहिले. एके सकाळी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, मनगट मोडले. रक्तातील हिमोग्लोबिन ८.२ निघाले. मी भेटावयास गेलो तेव्हा तिने एवढेच विचारले, “काका, जेजुरीची गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगता. मला का नाही सांगितलीत?”

मजपाशी उत्तर नव्हते. आज ती पूर्ववत बरी आहे, पुन्हा खेळते, आणि वजन पूर्वीइतकेच आहे. परंतु तो प्रश्न माझ्यापाशी राहिला आहे, आणि तोच घेऊन मी आज उभा आहे.

बंधुभगिनींनो, माझ्या तीन नम्र सूचना आहेत. वधूवर सूचीच्या अर्जातील ‘वजन’ आणि ‘बांधा’ हे दोन रकाने यंदापासून काढून टाकावेत. आपल्या विद्यार्थी वसतिगृहात दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ मिळेल अशी तरतूद करावी. त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून ५,००० रुपये मी आजच कोषाध्यक्षांकडे देत आहे. आणि पुढील संमेलनात दाराशी एक फीत व एक खुर्ची ठेवावी. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने घेर मोजून, पाच वेळा उठून मगच पंगतीस बसावे. फीत धरावयास मी स्वतः उभा राहीन.