त्र्यंबकेश्वराचे महाद्वार आणि समृद्धी महामार्ग

त्र्यंबकेश्वराची चूल यात्रेकरूंवर पेटते. नारायण नागबळी करविणारे उपाध्ये, उतारूंना खोल्या देणारे घरधनी, बेलफूल विकणाऱ्या स्त्रिया, सर्वांचे उत्पन्न एकाच महाद्वारातून येते. मार्च 2020 मध्ये करोनाच्या साथीने ते द्वार मिटले, ते दिवाळीच्या पाडव्यास उघडले. त्या आषाढात निवृत्तिनाथांच्या पादुकाही एस. टी. बसने पंढरपुरास गेल्या! एप्रिल 2021 मध्ये पुनश्च कुलूप पडले, ते घटस्थापनेस निघाले.

याच काळात दक्षिणेस इगतपुरीजवळ सुमारे पावणेआठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा खोदला जात होता. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा तो भाग. दहा जिल्ह्यांतून जाणारा हा 701 किलोमीटरचा मार्ग शेतकऱ्यांची जमीन, बँकांचे कर्ज आणि शासकीय मंडळांचे भांडवल एकत्र येऊन झाला. जमीन सहजासहजी मिळाली असे मात्र नव्हे. नाशिक जिल्ह्यात विरोधही झाला. तरीही साथीच्या दिवसांत काम टाकून दिले नाही, हे योग्यच झाले. 5 जून 2025 रोजी अखेरचा टप्पा खुला झाला.

महामार्ग त्र्यंबकाच्या वेशीशी येत नाही. घोटीहून डोंगरांतली वाट धरावी लागते. येत्या सिंहस्थासाठी ती वाट रुंद करण्याची निकड सर्वांस पटते. पण यात्रेकरू आणण्यापुरतीच ती वापरली, तर पुढच्या साथीत बेलफूलवाली पुन्हा रिकाम्या टोपलीशी बसेल. तालुक्यातील भात, नागली, वरई त्याच वाटेने बाहेर जावयास हवीत, आणि त्यासाठी घोटीच्या वाटेवर एखादे गोदाम सिंहस्थाच्या आधीच उभे राहावयास हवे.